पुनवेला लावलेलं नाटक

तारीख मी दिली होती. हे आधीच सांगून टाकते. गावात अजून त्या तारखेवरून कमिटीला आणि फादरांना शिव्या बसतात, आणि मी तिथेच उभी असते, हातात मासळीची पिशवी, तोंडावर असा भाव की मला त्यातलं ओ की ठो ठाऊक नाही. पन्नाशी उलटली माझी. या वयापर्यंत माणसाला स्वतःचं खोटं पचवायची सवय व्हायला हवी. मला नाही झाली.

माझं माहेर उत्तनच्या बाजूचं. समुद्र, मग बोंबील वाळत घालायची जागा, मग चर्च आणि त्याचं पटांगण, आणि त्यामागे आमची घरं. पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक आणि पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. मीरा रोडचे माझे शेजारी अजून विचारतात, "आप लोग मराठी हो के क्रिश्चन हो?" पूर्वी मी समजावून सांगायचे. आता नुसती लिफ्टचं बटण दाबते.

त्या पटांगणात नाटकं व्हायची. बोंबील सुकवायचेच बांबू उभे करायचे आणि त्यावर जुन्या शिडाचा पडदा बांधायचा. आधी चर्चचा बँड वाजायचा, दोन कर्णे आणि एक ढोल. तेवढ्याला आम्ही खुशाल कॉन्सर्ट म्हणायचो. मग नाटक. नाताळचं नाटक पप्पांचं असायचं. माझ्या वडिलांनी ते स्वतः लिहिलं होतं, शाळेच्या वहीत, आमच्या बोलीत. गोष्ट येशूजन्माचीच, पण मेंढपाळांच्या जागी कोळी. देवदूत येतो तेव्हा ते जाळी शिवत बसलेले असतात, आणि त्यातला एक मान वर न करता त्याला म्हणतो, "बाजूला हो रं, उजेड आडवतंस." दरवर्षी या वाक्याला अख्खं पटांगण हसायचं. वाक्य यायच्या आधीच हसायला लागणाऱ्या बायकाही होत्या.

आणि आमचं नाताळचं नाटक नाताळला कधीच झालं नाही. ते व्हायचं भांगात. पुनव आणि अवसेच्या आसपास उधाण असतं. पाण्याला ओढ असते, डोलीची जाळी, म्हणजे पाण्यात रोवून ठेवायची, त्या ओढीवरच चालतात, आणि तेव्हा गावात औषधालाही पुरुष सापडत नाही. मग अष्टमी-नवमीला पाणी मंदावतं. त्याला भांग म्हणतात. होड्या परत येतात, जाळी किनाऱ्यावर येतात, माणसं अंघोळी करून माणसांत येतात. नाटक तेव्हा. कधी नाताळच्या आठ दिवस आधी, कधी नवीन वर्ष लागल्यावर. जुने फादर डिसेंबर लागला की पप्पांना निरोप धाडायचे, "भांग कधी?" पप्पा सांगतील तो दिवस रविवारच्या मिस्साला वेदीवरून जाहीर व्हायचा. बेथलेहेमला काय झालं असेल ते असो, आमच्याकडे येशू पाण्याला विचारून जन्माला यायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

मग ते थांबलं. चर्चचा जुना हॉल पाडून नवा बांधायला घेतला, पटांगण विटा-रेतीने भरलं, मधे करोना आला, त्यात माझी आई गेली. सहा वर्षं नाटक झालं नाही. पप्पा अठ्ठ्याहत्तरचे झाले. एका डोळ्याने दिसेनासं झालं, हृदय कमजोर झालं. डॉक्टर म्हणाले, "जिने चढू नका, चिडू नका." पहिलं त्यांनी ऐकलं.

नवा हॉल झाला. एसी, भलामोठा रंगमंच, लाल मखमलीचा पडदा. हॉलला आशीर्वाद दिला त्या दिवशी सगळे खाली केक खात होते आणि पप्पा एकटेच वर स्टेजवर गेले. मी मागोमाग गेले, पडतील म्हणून. त्यांनी फळ्यांवर पाय आपटून बघितला, पडद्याला हात लावून बघितला, आणि मला म्हणाले, "एकदा, बाय. माझ्याच मानसांना घेऊन, एकदाच. मंग मी मेलो तरी चालेल."

"काहीतरी अभद्र बोलू नका," मी म्हटलं. पण मला कळलं होतं. त्यांची माणसं म्हणजे त्यांच्या होडीवरची माणसं. हेरोद राजा करायचा तो त्यांच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. जाळी शिवणारे कोळी म्हणजे खरेच खलाशी. माझा भाऊही त्यांतच. सगळे आता पन्नाशी-साठीचे, अजून समुद्रावर जाणारे. त्या एका संध्याकाळवर पप्पांनी जीव टांगला होता.

नवा हॉल, मग कमिटीही नवी. आमच्या चर्चमध्ये आता 'महोत्सव' करायचा ठरला. नाताळच्या आधीचे तीन शनिवार, मीरा रोड-भाईंदरचे कॉयर, मुंबईहून गाणारे, लाइट, साउंड. "आपलं चर्च मॅपवर यायला पायजे," असं कमिटीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. या बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, भाईंदरला राहणाऱ्या, स्वभावाने वाईट नाहीत. मॅपवर यायला पायजे! तीनशे-चारशे वर्षं आम्ही काय पाण्याखाली होतो?

पण हे आत्ता बोलतेय. तेव्हा मी कमिटीत बसून मान डोलावत होते. मला फादरांनीच घेतलं होतं. फादर तरुण, वसईच्या शेतकऱ्याचा मुलगा, गावात येऊन जेमतेम दीड वर्ष. "तुम्ही गावची लेक, राहता मीरा रोडला, तुम्हाला दोन्हीकडचं कळतं," म्हणाले. मी सिल्व्हर पार्कला राहते, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. दोन्हीकडचं कळतं म्हणे! मला त्या शब्दाने इतकं बरं वाटलं की विचारू नका. आणि हेही खरं की मीच फादरांच्या मागे लागून पप्पांचं नाटक तिसऱ्या शनिवारी घालून घेतलं. आधी कॉन्सर्ट, मग नाटक.

ती मीटिंग मला अजून मिनिटामिनिटाने आठवते. टेबलावर वेफर्सच्या प्लेटा, सगळ्यांचे मोबाइल पालथे ठेवलेले. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तो थर्ड सॅटरडे फायनल करें?" फादर माझ्याकडे वळले. "बाई, गावाला चालेल ना हा दिवस? मला होड्यांचं काही कळत नाही. भांग का काय ते बघावं लागतं म्हणतात."

विचारलं हो त्यांनी. अगदी सरळ विचारलं.

"वो क्या होता है?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एवढंच करायचं होतं: पप्पांना एक फोन. नाहीतर भिंतीवर कॅलेंडर होतं, उठून त्यावरची तिथी बघायची. मोबाइलमध्ये शनिवार दिसतो, चंद्र दिसत नाही. पण मला त्या टेबलावर कोळणीची मुलगी व्हायचं नव्हतं. आमच्या सोसायटीत मी वीस वर्षं माशाचे काटे तीन-तीन पिशव्यांत बांधून, लिफ्टमध्ये कोणी नाही बघून खाली नेते. कोणी नाक मुरडायच्या आत मीच मुरडते. ती सवय तिथे कामाला आली. मी हसले आणि म्हणाले, "अहो फादर, आता सगळ्या होड्यांना इंजिनं आलीत. भांगबिंग जुन्या लोकांचं झालं. शनिवार बेस्ट आहे."

सगळे हसले. फादरही हसले, विश्वासाने. तारीख कागदावर आली.

छापलेला कार्यक्रम घेऊन मीच पप्पांकडे गेले, रविवारी. वाटलं, नाव छापलेलं बघून खूश होतील. ते ओट्यावर बसले होते. एक डोळा मिटून, दुसऱ्याजवळ कागद नेऊन वाचला. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "ही पुनव हाय."

मी म्हटलं, "पण पप्पा, आता इंजिनं आहेत ना."

"इंजिन होडीला हाय. जाल्याला न्हाय." मग कागद मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "कोनी दिली ही तारीख?"

त्यांचा तो एक डोळा माझ्यावर होता. मी शप्पथ सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "फादरांनी."

"तू व्हतीस ना तिथं?"

"मी म्हटलं त्यांना. त्यांनी ऐकलं नाही."

पहिलं खोटं भीतीने बोलले असेन. दुसरं कशाला बोलले? त्याची तर गरजही नव्हती. पण एकदा घसरलं की माणूस धरायला मिळेल ते धरतं, आणि मला फादर मिळाले.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर पप्पा चर्चच्या पायऱ्यांवर थांबले. लोक बाहेर पडत होते. फादर नेहमीसारखे दाराशी उभे, सगळ्यांशी हात मिळवत. पप्पांनी हात दिला नाही. "फादर, तू शेतातला," ते म्हणाले. आयुष्यात कधी फादरला 'तू' म्हणाले नव्हते. "भात कवा लावायचा ते तुला ठावं. दर्याचं ठावं न्हाय तं इचारायचं. तोंड हाय ना देवानं दिलेलं? माझी बाय बोलली, तं तिचंबी ऐकलं न्हायस."

फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी सेक्रेटरीबाईंच्या शेजारी उभी होते. ती बघण्याची वेळ किती असेल, एक श्वासभर. मी नजर खाली घातली. फादर म्हणाले, "चुकलं माझं, काका."

"चुकलं म्हनून जाल्यात मासा येतो काय?" पप्पा सगळ्यांदेखत ओरडले. "एकदा मागितलं व्हतं मी. एकदाच!" मग त्यांना दम लागला आणि भावाने त्यांना घरी नेलं. जाताना गावातल्या बायका त्यांच्या बाजूने बोलत होत्या. बरोबरच होतं त्यांचं.

सगळे गेल्यावर फादर माझ्याजवळ आले. "बाई, मी कोणाला सांगणार नाही," म्हणाले. "पण तुम्ही त्यांना सांगा. लवकर सांगा. असलं जितकं राहतं तितकं कुजतं." मी हो म्हटलं. त्यांनी तारीख बदलायचा प्रयत्नही केला. परत मीटिंग बोलावली. साउंडवाले ठरलेले, कॉयरच्या तारखा ठरलेल्या, बॅनर लागलेले. "फादर, इम्पॉसिबल है," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "एक छोटे स्किट के लिए?" तेव्हा मी उठून म्हणायला हवं होतं की स्किट नाही, माझ्या बापाचं शेवटचं नाटक आहे ते, आणि चूक माझी आहे, हात जोडते, आठ दिवस पुढे ढकला. कदाचित ढकललंही असतं. माणसं होती ती, राक्षस नव्हती. मी गप्प बसून वेफर खाल्ला. खरंच खाल्ला. चव आठवते.

तांडेल पप्पांकडे आला होता. म्हणाला, "तुमी सांगाल तं मी थांबतो. होडी बांधून ठेवतो." पप्पांनीच त्याला घालवलं. "पुनवेला होडी बांधनारा हेरोद मला नको. जा तू. पोरांना पन घेऊन जा." जन्मभर समुद्र केलेला माणूस, तो दुसऱ्याचं उधाण कसं बुडवेल? शुक्रवारी सगळ्या होड्या गेल्या. माझा भाऊही गेला.

त्याआधीच कमिटीने 'ॲडजस्ट' केलं होतं. कॉयरमधली कॉलेजची मुलं कोळी झाली. जीन्सवर लुंग्या. आमची बोली त्यांना येत नव्हती, पाठ करायला वेळ नव्हता, म्हणून वहीच्या पानांचे फोटो काढून मोबाइलवर घेतले. पप्पांनी आठ दिवस त्यांना शिकवलं. चिडले नाहीत. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, पण त्यांना ते स्टेज हवं होतं. भुकेला माणूस शिळं बघत नाही. मी तालमीला जायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही म्हणून पडद्याकडे बघायचे.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. कॉन्सर्ट सुंदर झाला. हे मी नाकारणार नाही. काळ्या झग्यातली चाळीस माणसं एका श्वासात थांबायची आणि एका श्वासात उचलायची, अंगावर काटा यायचा. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मग सेक्रेटरीबाई माइकवर आल्या आणि म्हणाल्या की आता आपल्या फिशरफोकचा एक छोटासा आयटम आहे, प्लीज बसून घ्या. कोण बसतंय? मीरा रोडला हाटकेशपर्यंत परत जायचं, पार्किंगमधून गाडी काढायची. पुढच्या रांगा उठल्या. कॉयरचे आईबाप आपापल्या मुलांचे फोटो काढून झाल्यावर गेले. उरल्या आमच्या गावच्या बायका, चार-पाच म्हातारे आणि रिकाम्या खुर्च्या. ज्यांच्यासाठी ते नाटक होतं ते सगळे त्या वेळी समुद्रात होते.

पप्पा विंगेत खुर्चीवर बसले होते, हातात वही. त्या अंधारात वाचता येत नव्हतीच, पण वहीशिवाय ते कधी विंगेत बसले नव्हते. सगळ्यांची सगळी वाक्यं त्यांना तोंडपाठ. मुलं मोबाइलवर बोट सरकवत वाचत होती आणि पप्पांचे ओठ त्यांच्या पुढे धावत होते. देवदूत आला. जाळी शिवणाऱ्याने मोबाइलकडे बघून नोटीस वाचावी तसं वाचलं, "बाजूला हो रं, उजेड आडवतंस." कोणी हसलं नाही. मागे एका म्हातारीने "अरे देवा" म्हटलेलं मला विंगेपर्यंत ऐकू आलं.

हेरोद आला. गोरापान, उंच, चांगल्या आवाजाचा मुलगा. पुठ्ठ्याचा मुकुट घालून त्याने मित्रांकडे बघून डोळा मारला. पप्पांचे ओठ थांबले. त्यांनी वही मिटली.

"चल," मला म्हणाले.

"पप्पा, अजून दोन प्रवेश आहेत."

"ते व्हतील. त्यांना माझी गरज न्हाय."

मागच्या दाराने आम्ही खाली उतरलो. एकेक पायरी, थांबत थांबत. बाहेर पुनवेचं पाणी पार पटांगणाच्या भिंतीला लागलं होतं. होड्या इतक्या लांब होत्या की दिवाही दिसत नव्हता. पप्पा तिथे उभे राहिले. माझा हात त्यांच्या कोपराखाली होता. म्हणाले, "त्या फादरनं माझं नाटक मारलं."

आणि मी म्हटलं, "हो."

त्या 'हो'चं काय करू मी? कोणी मारून-मुटकून म्हणायला लावलं नव्हतं. अंधार होता, आम्ही दोघंच होतो, आणि कधी नव्हे तो बापाने माझ्यावर भार टाकला होता. तिथे खरं बोलले असते तर त्यांनी हात काढून घेतला असता. मला तो हात तसाच हवा होता. एवढंच होतं त्यात.

त्यानंतर पप्पा चर्चला गेले नाहीत. जमिनीवर असताना ज्याने कधी रविवार चुकवला नाही, आईच्या मातीच्या दुसऱ्या दिवशीही जो मिस्साला गेला, तो माणूस घंटा झाली की ओट्यावरून उठून घरात जायचा आणि दार लावून घ्यायचा. नाताळला नाही, पवित्र आठवड्यात नाही. फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघर येतात. आमच्या दारात आले की पप्पा आतून ओरडायचे, "तारखा छाप जा!" फादर उंबऱ्याबाहेर उभं राहून प्रार्थना म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे. माझी वहिनी लाजून अर्धी व्हायची. "फादर किती साधे हायत ओ," मला म्हणायची, "तुमी तरी पप्पांना समजवा ना, ताई. तुमचं ऐकतात ते."

माझं ऐकतात! खरंच ऐकायचे. मी दर रविवारी जायचे, भाईंदरहून बस पकडून. माझ्यावर एकदम प्रसन्न. आल्या-गेल्याला सांगायचे, कमिटीत एकटी माझी बाय गावाच्या बाजूनं बोलली. त्यांना आवडते तशी चिंबोऱ्यांची कढी मी करून घालायचे आणि ते पुन्हा वाढ म्हणायचे. आयुष्यात इतकं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नव्हतं.

मी पापनिवेदन केलं. नाही असं नाही. पण कुठे, तर मीरा रोडच्या चर्चमध्ये, जिथे मला कोणी ओळखत नाही. तिथले फादर म्हातारे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देव क्षमा करील, पण वडिलांना सांग." वर तीन 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या. 'नमो मरिया' मी तिथल्या तिथे म्हणून टाकल्या. सोपं तेवढं केलं. दहा महिने असे काढले.

ऑक्टोबरात पप्पांना हॉस्पिटलात ठेवलं आणि मग घरी पाठवलं. घरी पाठवलं म्हणजे काय ते आम्हाला कळलं. भावाने फादरांना बोलावलं. शेवटचं तेल लावायला. आमच्यात त्याच्याशिवाय माणूस जाऊ नये असं सगळ्यांना वाटतं. पप्पांनाही जन्मभर तसंच वाटत आलं होतं. गावात कोणी आजारी पडलं की पहिलं तेच विचारायचे, "तेल लागलं काय?"

फादर आले, गळ्यात जांभळा पट्टा, हातात तेलाची छोटी डबी. पप्पांनी त्यांना बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. वळायची ताकद नव्हती, तरी वळले. भाऊ म्हणाला, "पप्पा, असं नका करू. आता तरी." वहिनी रडायला लागली. पप्पा भिंतीला म्हणाले, "याच्या हातचं नको."

फादर म्हणाले, "असू दे. मी संध्याकाळी परत येतो." आणि डबी खिशात ठेवायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं ते मुद्दामच बघत नव्हते. अशा वेळीही त्या माणसाने मला ढकललं नाही.

मी म्हटलं, "पप्पा, तारीख मी दिली."

मी परत म्हटलं, मोठ्याने, कारण मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. "फादरांनी मला विचारलं होतं. भांगाचं विचारलं होतं. मी म्हटलं चालेल. त्यांनी काही केलं नाही, पप्पा. मी तुमच्याशी खोटं बोलले."

पप्पांनी हात हलवला. भावाला कळलं, त्याने त्यांना सरळ केलं. त्यांनी फादरांकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडायला गेले. एक हात वर आलाच नाही. "फादर," म्हणाले, "तुमी. मला मापी करा." फादर गुडघ्यावर बसले, त्यांचा तो न उचललेला हात स्वतः उचलून धरला आणि म्हणाले, "काका, नको, नको." दोघंही रडत होते. पप्पांना आम्ही रडताना कधी बघितलं नव्हतं. मग तेल लागलं. कपाळाला आणि हातांना.

ते झाल्यावर पप्पांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. वाटलं, आता मारतील नाहीतर डोक्यावर हात ठेवतील. कशालाही तयार होते मी. ते म्हणाले, "तारखेचं काय न्हाय गो. तारीख चुकतं मानूस. पन माझ्या तोंडातून तू देवाच्या मानसाला शिव्या घातल्यास. दहा म्हयने."

यापुढे ते माझ्याशी बोलले नाहीत.

अकरा दिवस जगले. मी रजा टाकून तिथेच राहिले, दिवसभर, फक्त झोपायला सिल्व्हर पार्कला. तांडेल आला, त्याच्याशी पप्पा बोलले. कोणत्या जाळ्याला काय लागलं ते विचारलं. नातवाशी बोलले. फादर रोज यायचे, त्यांच्याशी तर तासतासभर. त्यांच्या वसईच्या भाताचं विचारायचे. मी जवळ गेले की डोळे मिटायचे. मी पाणी पुढे केलं की ओठ बंद. रागाने नाही. रागाचं मला माहीत आहे, त्यांचा राग मी लहानपणापासून बघितला होता, तो आला की जायचाही. हे काहीतरी वेगळं होतं. वहिनी बिचारी म्हणायची, "झोपलेत ओ ताई." मीही म्हणायचे, हो, झोपू दे.

नवव्या दिवशी अशीच मी संध्याकाळी निघाले. त्यांच्या पायाला हात लावला. डोळे मिटलेलेच. पर्स घेतली, बाहेरच्या खोलीत आले, आणि चप्पल घालायला उंबऱ्याशी वाकले, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, अगदी खणखणीत.

"गेली?"

वहिनीला मी दिसत नव्हते. ती म्हणाली, "हां, गेल्या."

"मंग पानी दे," पप्पा म्हणाले.